चौथ्या मजल्यावरचा मतदार

अमेरिकेचं राजकारण मला चांगलं कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आधार म्हणाल तर माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते आणि मी यूट्यूबवरच्या चर्चा दीडपट वेगाने ऐकते. एवढ्या भांडवलावर मी जपानमधल्या निशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आणि विशेषतः कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठणकावून मतं मांडत असे. त्या ग्रुपवर अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून असे दोन तट पडले होते की साताऱ्याच्या आत्याने एका भाच्याला मुंजीचं आमंत्रण द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ग्रुपमधल्या एकालाही अमेरिकेत मत नव्हतं. मावसबहिणीलासुद्धा नाही, ती अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. ती माझ्या ध्यानात आणून दिली चौथ्या मजल्यावरच्या काकांनी.

काका मूळचे सांगलीचे. तरुणपणी अमेरिकेला गेले, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका लहानशा गावात रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यात चिकटले आणि तिथेच निवृत्त झाले. तिकडचे नागरिकही झाले. काकू गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एका लेकीने त्यांना जपानला आणलं. ती इथल्या एका औषध कंपनीत संशोधन करते; मी तिला ताई म्हणते. वडिलांच्या व्हिसासाठी तिने इतके खेटे घातले होते की त्या कचेरीतला माणूस तिला पाहून आपणहून उभा राहायचा. तिकडचं घर विकलं, सामान वाटून टाकलं आणि काका दोन बॅगा घेऊन आमच्या डोक्यावर राहायला आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

पहिल्यांदा त्यांना नीट पाहिलं ते सकाळी कचरा टाकताना. जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि कावळ्यांनी कचरा उचकू नये म्हणून लावलेल्या जाळीपाशी उभे राहून ते सांगली ढंगाच्या इंग्रजीत कुणाला तरी सांगत होते, "मी मतदार बोलतोय." इथली सकाळ म्हणजे तिकडे आदल्या दिवशीची ऑफिस बंद व्हायची वेळ. रोज त्या वेळेला ते आपल्या भागाच्या खासदाराच्या कचेरीत फोन लावत. कधी पुलाच्या दुरुस्तीबद्दल, कधी शेतमालाच्या भावाबद्दल, एकदा तर टपालखात्याबद्दल.

"काका, त्याने काय होतं?" मी विचारलं.

"एक खूण होते," ते म्हणाले. "तिकडे फोन उचलणारा पोरगा कागदावर रेघ मारतो. बाजूने अमुक फोन, विरोधात अमुक. मी त्या रेघेसाठी फोन करतो."

"पण तुम्ही ह्याला मत तरी दिलं होतं का?"

"छे! म्हणून तर ह्याला रोज फोन. ज्याला मत दिलं त्याला माझं म्हणणं आधीच माहीत असतं."

राजकारणावर बोलताना काका मला 'तुम्ही' म्हणत आणि पोह्यांवर बोलताना 'तू'. एकाच वाक्यात दोन्ही आलं की माझी तारांबळ उडे. पुढे एका सकाळी त्याच जाळीपाशी मी जरा ऐटीतच त्यांना अमेरिकेच्या निवडणुकीचा अंदाज ऐकवला. कोणत्या राज्यात कोण पुढे, पैसेवाल्यांचे गट कुणाच्या मागे, वाहिन्या कुणाच्या खिशात. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या पुण्याच्या घराच्या वॉर्डात नगरसेवक कोण आहे हो?"

मला नाव आठवेना. मी म्हटलं, बदलले असतील. मग त्यांनी विचारलं, शेवटचं मत कधी दिलं होतं. मी आठवायला लागले आणि जाळीवर कावळा येऊन बसला तरी आठवत होते. पुण्याला जाऊन मत द्यायचं तर निवडणुकीला कधी सुट्टी जुळत नाही आणि इथे आम्हा परदेशी लोकांना मत नाही. म्हणजे कर दोन्हीकडे, सल्ले तीन देशांना, आणि मत कुठेच नाही, अशी माझी अवस्था होती. "हरकत नाही," काका म्हणाले, "तू पोहे छान करतेस."

काकांकडे टीव्ही नव्हता, म्हणजे होता, पण त्यावर ते फक्त सुमो बघत. बातम्यांसाठी त्यांच्या गावचं साप्ताहिक यायचं, टपालाने, तीन आठवडे जुनं होऊन. ते आल्याशिवाय गावातलं काहीही जाणून घ्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. "वाहिनी मला चिडवायला बसलीय. हा कागद मला सांगायला बसलाय," असं म्हणत. मी सुरुवातीला हसले. मग एका अंकात, एका म्हाताऱ्या बाईंचा तपकिरी कुत्रा हरवल्याची बातमी वाचली आणि पुढचा अंक येईपर्यंत माझा जीव टांगणीला. कुत्रा तिकडे केव्हाच सापडून, जेवून, झोपला असणार, आणि मी इकडे तोझाई लाइनच्या लोकलमधल्या गर्दीत त्याची काळजी करत उभी. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. ताई म्हणाली, "आता तूपण गेलीस कामातून."

काका नेमके कोणत्या पक्षाचे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी ते शोधून काढायचा चंग बांधला होता. बंदुकांबद्दल त्यांचं मत ऐकून मी एक पक्ष ठरवला आणि ग्रुपवर जाहीर केला. आठवड्याभरात शेतीच्या अनुदानाबद्दल त्यांचं मत ऐकून दुसरा ठरवला आणि तोही जाहीर केला. आत्या म्हणाल्या, आधी तुझं ठरव. शेवटी मी सरळ काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "तिकडे मी एका पक्षासाठी घरोघर फिरायचो आणि दुसऱ्या पक्षाचा स्थानिक अध्यक्ष मला आपल्या गाडीतून सोडायचा, कारण मला बर्फात गाडी चालवता यायची नाही. आता बोला."

आमच्या सायकलींची हकिगत त्यांच्याशिवाय घडलीच नसती. बिल्डिंगच्या स्टँडला दोन मजले आहेत. पुढे-मागे मुलांच्या खुर्च्या लावलेली आमची जड सायकल वरच्या मजल्यावर चढवणं म्हणजे म्हैस माळ्यावर नेण्यासारखं. मी सगळ्यांपुढे कुरकुरत असे. काका म्हणाले, "तुम्ही एकट्या बोलता ती कुरकुर. पाचजणी मिळून बोललात की हितसंबंधी गट. चला, गट बांधू." मला एकदम स्फुरण चढलं. आम्ही सह्या गोळा केल्या. मी जपानी भाषण पाठ केलं. वार्षिक रहिवासी सभेत उभी राहून मी लहान मुलांच्या आयांच्या वतीने खालच्या जागांची मागणी केली, आणि शेवटी आवाजही चढवला, कारण काकांनी तशी खूण केली होती.

सभेचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे फार सौम्य आजोबा. त्यांनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "जरा अवघड आहे." इथे राहिलेल्या माणसाला कळतं, याचा अर्थ संपलं. बाहेर आल्यावर शेजारच्या साइतो-सान माझ्या कानाशी लागल्या. अध्यक्षांनी खालच्या जागा आयांसाठी कधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या; मी आधी एकदा त्यांच्या दाराशी जाऊन नुसतं बोलले असते तर त्याच आठवड्यात मिळाल्या असत्या. आता चारचौघांत मागणी झाली म्हटल्यावर सगळ्यांना विचारणं आलं. ते विचारणं पुढच्या सभेपर्यंत चाललं. तोवर मी म्हैस माळ्यावर चढवत राहिले.

काकांना अजिबात वाईट वाटलं नाही. उलट ते खूष झाले. "म्हणजे इथे दाराआडचं बोलणं आधी आणि सभा नंतर," ते म्हणाले. "आमच्याकडेही खरं तसंच असतं. फक्त आम्ही लोकांना सभा आधी दाखवतो." मी मात्र पुढचे कित्येक महिने लिफ्टपाशी अध्यक्ष भेटले की बूट बघत उभी राहायचे.

मग अमेरिकेत मोठ्या निवडणुकीचं वर्ष आलं. माझा नवरा रात्रंदिवस आकडे बघायला लागला. ग्रुप पुन्हा पेटला. काकांना अध्यक्षपदाचं काही पडलेलं नव्हतं असं नाही, पण त्यांचं सगळं चित्त गुंतलं होतं ते मतपत्रिकेच्या अगदी तळाशी येणाऱ्या एका प्रश्नात. गावचं वाचनालय चालू ठेवण्यासाठी घरपट्टीत थोडी वाढ करावी का, हो की नाही. काकू त्या वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी सांगत. मक्याच्या त्या मुलखात वाढलेल्या मुलांना सांगलीच्या पुरात साप गच्चीवर कसे येतात हे काकूंमुळे माहीत होतं. वाढ नामंजूर झाली तर वाचनालय बंद.

साप्ताहिकात दोन्ही बाजूंची पत्रं येत. करवाढीविरुद्धच्या गटाचा म्होरक्या गावातला हार्डवेअरचा दुकानदार होता. काका त्याचं पत्रही मला मोठ्याने वाचून दाखवत. "ह्याचं अगदीच चूक नाही हो," ते म्हणत. "म्हातारे लोक आहेत, घरपट्टी भरता भरता मेटाकुटीला येतात. पण तो हे सांगत नाही की त्याची पोरगी गणितात पास झाली ती वाचनालयात बसून." मग ते स्वतः पत्र लिहायला बसत आणि फाडून टाकत. त्यांचं घर विकलेलं. जी घरपट्टी आपण भरणार नाही ती वाढवा असं कोणत्या तोंडाने लिहायचं, हा त्यांचा पेच होता. "पण मत आहे ना," ते म्हणत. "मत माझं आहे."

सप्टेंबर संपता संपता मतपत्रिका आली. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले होते, म्हणून समोर होते. काकांनी चष्मा पुसला, कागद उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"एवढंच?"

"काय झालं, बाबा?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"राष्ट्राध्यक्ष आहे. खासदार आहे. वाचनालय कुठाय? शाळेचं मंडळ कुठाय? न्यायाधीश?"

"अहो बाबा, राष्ट्राध्यक्ष आहे की! सगळं जग त्याच्यासाठी जीव टाकतंय."

"जगाला टाकू दे जीव. माझं वाचनालय कुठाय?"

त्यांनी गावच्या निवडणूक कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. परदेशात राहणाऱ्या मतदाराला अर्जात सांगावं लागतं, परत येण्याचा इरादा आहे की नाही. इरादा असेल तर संपूर्ण मतपत्रिका. नसेल तर त्यांच्या राज्यात फक्त देशपातळीवरच्या जागा. गावचे प्रश्न गावात राहणाऱ्यांचे. काकांच्या अर्जावर 'नाही'च्या चौकटीत खूण होती.

अर्ज वर्षाच्या सुरुवातीला ताईने भरला होता.

"मी काय लिहिणार होते?" ती म्हणाली. "घर विकलं. तुम्ही इथे आहात. परत कुठे जाणार?"

"तुला कोणी सांगितलं मी परत जाणार नाही?"

खिचडीचा डबा हातात धरून मी उभी होते. खाली ठेवला तर आवाज होईल अशी भीती वाटत होती. "मग इथे काय मुक्कामाला आलात?" ताई म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली. काकांनी कागदाची घडी घातली. मला म्हणाले, "सही माझीच आहे. न वाचता केली. लेकीने पुढे केलेला कागद कोण वाचतं?"

अजून मुदत होती. नवा अर्ज पाठवला तर संपूर्ण मतपत्रिका मिळणार होती. मी आपली व्यवहारी अक्कल पाजळली. म्हटलं, "काका, 'हो'वर खूण करा आणि मोकळे व्हा. कोण बघायला येतंय तुम्ही परत गेलात की नाही?"

"मी बघणार आहे ना," ते म्हणाले. "खाली लिहिलंय, वरील मजकूर खरा आहे. खूण करायची तर जायला लागेल. जायचं नसेल तर खूण नाही. तुम्हाला मत नाही म्हणून सोपं वाटतं."

हे 'तुम्हाला' मला झोंबलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

पुढचे काही दिवस आम्ही सगळे काकांच्या मागे लागलो. माझ्या नवऱ्याने त्यांना तिकडचा दवाखान्याचा खर्च मांडून दाखवला. ताईच्या मुलीने जपानीत "आजोबा, जाऊ नका" असं म्हणून गळ्यात हात टाकले, आणि ते मात्र त्यांना जपानी येत नसूनही नीट कळलं. ताई स्वतः एक शब्द बोलत नव्हती. मी रोज काहीतरी करून नेत होते. माझा स्वार्थ उघड होता: माझ्या मुलाला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायचं काम काका करत, आणि ते गेले तर माझी नोकरी लटकणार होती. अर्थात हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यांची काळजी करत होते. तिसऱ्या दिवशी मी थालीपीठ पुढे ठेवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कोणत्या गटाकडून?"

"कसला गट, काका?"

"चार ते सहा पोरं सांभाळून घेणाऱ्यांचा." आणि लोणी मागून घेऊन त्यांनी ते सगळं संपवलं. "चांगला गट आहे. मागणी रास्त आहे. पण मी ठरवलंय गं."

त्यांनी 'हो'वर खूण केली होती. ताईला तो अर्ज वाचायला दिला आणि तिच्यासमोर सही केली. पूर्ण मतपत्रिका आली. ती भरायला त्यांनी एक अख्खी दुपार घेतली. न्यायाधीशांची नावं सावकाश वाचली, वाचनालयाचा प्रश्न सर्वात शेवटी. पोस्टात टाकायला आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजन करायला घेतलं तेव्हा काकांनी ते एकदम सोडलं नाही.

निवडणूक झाली. जगाला जे कळायचं ते त्याच दिवशी कळलं आणि आमचा ग्रुप पुन्हा फुटला. गावचा निकाल मी ऑफिसात बसून चोरून शोधला. वाचनालय हरलं होतं, थोडक्याच मतांनी. काकांचा नेम मोडायचा नाही म्हणून मी गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्याच्या आधी हायसं वाटलं. आता परत जायचं कशासाठी? ताईलाही मी हळूच सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच पुरणपोळ्या केल्या.

नोव्हेंबरअखेर अंक आला. काकांनी वाचला, घडी घालून ठेवला आणि जेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलाला न्यायला वर गेले तर ते पलंगावर बॅग उघडून बसले होते.

"काका, वाचनालय तर..."

"हरलं. वाचलं मी."

"मग आता?"

"मी अर्जात 'वाचनालय जिंकलं तर' असं लिहिलं नव्हतं," ते म्हणाले आणि मोजे गुंडाळायला लागले. जुन्या शेजाऱ्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणार होते. तोच तो, दुसऱ्या पक्षाचा, बर्फात गाडी चालवणारा. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव आणता येतो, त्यासाठी सह्या गोळा कराव्या लागतात, असं म्हणाले. हार्डवेअरवाल्याकडे आधी जाणार होते, एकटेच, मागच्या दाराने. "हे तुमच्या सायकलींनी शिकवलं," म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, म्हणून मी त्यांच्या मोज्यांच्या जोड्या चुकीच्या लावत बसले.

जानेवारीतल्या एका थंड सकाळी आम्ही त्यांना विमानतळाच्या बसवर पोचवायला गेलो. माझा मुलगा त्यांचं बोट सोडत नव्हता. ताईने रजा घेतली होती, पण वाटेत ती फक्त गोळ्यांच्या वेळा आणि स्वेटरबद्दल बोलली. बस आली. बॅगा खाली डिकीत गेल्या. सगळे चढले तरी काका खालीच उभे होते.

तेव्हा ताई म्हणाली, "बाबा, अर्जावरची ती 'नाही'ची खूण चुकून नव्हती झाली. त्या चौकटीचा अर्थ काय, मला माहीत होता. मी वाचून केली होती."

काकांनी तिच्या मफलरची गाठ नीट केली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तू वाचल्याशिवाय कुठे खूण करत नाहीस. न वाचता सही करणारा मी."